परदेशात वाइन थेट विकायची आहे? मग बाटल्या सगळ्यात शेवटी भरा

लहान वाइनरीचा परदेशातला पहिला माल बंदरावर अडकतो, तेव्हा बहुतेक वेळा कामं चुकलेली नसतात, कामांचा क्रम चुकलेला असतो. आधी बाटल्या भरल्या, मग लेबलं छापली, मग वेबसाइटवर ‘आम्ही जगभर पाठवतो’ असं लिहिलं आणि सगळ्यात शेवटी विचारलं, की तिकडे माल सोडवून घेणार कोण. हे म्हणजे वरातीमागून घोडं.

खरा क्रम उलटा आहे. ग्राहकाच्या दारात उभं राहायचं आणि तिथून एकेक पाऊल मागे येत तळघरापर्यंत पोचायचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत आणि ते पुढे-मागे करू नयेत. नियमांची उदाहरणं मुख्यतः युरोपीय संघ, ब्रिटन आणि अमेरिकेची घेतली आहेत. या तिन्हींच्या पद्धती एकमेकींपासून इतक्या वेगळ्या आहेत, की त्या समजल्या की चौथ्या देशात काय विचारायचं ते आपोआप कळतं.

टप्पा १: ‘थेट’ म्हणजे काय, ते आधी कागदावर लिहा

‘थेट विक्री’ या एका नावाखाली तीन निराळे धंदे चालतात.

पहिल्यात ग्राहक तुमच्या वेबसाइटवर सहा बाटल्या मागवतो आणि तुम्ही वाइनरीतूनच कुरिअरने पार्सल धाडता. दुसऱ्यात दोन-चार पॅलेट माल आधीच त्या देशातल्या बॉन्डेड गोदामात (कर भरण्याआधी माल ठेवता येतो अशा) नेऊन ठेवता, आणि ऑर्डर आली की पेटी तिथून निघते. तिसऱ्यात तिथल्या रेस्टॉरंटला किंवा दुकानाला तुम्ही स्वतः माल विकता. मधला आयातदार फक्त माल सोडवण्यापुरता असतो.

पहिला प्रकार सगळ्यांना भुरळ घालतो, आणि पाय घसरतात तेही तिथेच. कुरिअरवाले वजन दोन प्रकारे मोजतात: काट्यावरचं, आणि लांबी × रुंदी × उंची भागिले ५०००. सहा बाटल्यांची ४२ × ३२ × ४० सेंटिमीटरची सुरक्षित पेटी काट्यावर आठ-साडेआठ किलो भरते. बिल मात्र पावणेअकरा किलोचं येतं. त्यात ‘छोट्या पार्सलला कर नाही’ हा समज. युरोपीय संघातली १५० युरोपर्यंतची सीमाशुल्काची सूट मद्याला कधीच लागू नव्हती, आणि लहान पार्सलांचा व्हॅट एकत्र भरायची जी सोपी सोय आहे तीही अबकारी मालाला बंद आहे. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या पार्सलांसाठी जी पद्धत आहे, तिच्यातूनही अबकारी माल वगळलेला आहे. थोडक्यात, कस्टमच्या लेखी सहा बाटल्यांचं पार्सल ही एक पूर्ण आयातच असते.

> सावधान: पार्सलवर ‘भेटवस्तू’ किंवा ‘नमुना’ लिहून विकलेला माल पाठवणं म्हणजे खोटं जाहीरपत्र. पकडलं गेलं तर ते पार्सल जातंच, शिवाय त्या नावावरची पुढची प्रत्येक खेप उघडून तपासली जाऊ शकते.

आता देश कोणत्या गटात बसतो ते बघा.

ब्रिटन आणि जर्मनी हे तुलनेने मोकळे बाजार आहेत. परवाने आणि कर पूर्ण केले की ग्राहकाला थेट विकता येतं.

स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडमध्ये वाइनची किरकोळ विक्री अनुक्रमे सिस्टेमबोलागेट, व्हिनमोनोपोलेट आणि आल्को या सरकारी दुकानांकडे आहे. कॅनडात आयात प्रांतीय मद्य मंडळांमार्फत होते. इथे ‘थेट’चा अर्थ फार तर रेस्टॉरंटशी थेट बोलणं एवढाच उरतो.

अमेरिकेत आयातदार, वितरक आणि विक्रेता अशी तीन पायऱ्यांची रचना आहे. २००५ च्या ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड या निकालाचा दाखला देऊन ‘आता वाइनरी घरपोच पाठवू शकते’ असं बरेच जण सांगतात. तो निकाल अमेरिकेतल्या वाइनऱ्यांना राज्याराज्यांत भेदभाव सोसावा लागू नये म्हणून होता. परदेशी वाइनरीला आपल्या तळघरातून अमेरिकन ग्राहकाला बाटली पाठवता येत नाही. तिथल्या टपाल खात्यातून तर मद्य पाठवायला पूर्ण बंदीच आहे.

माझं मत विचाराल, तर सुरुवात मोकळ्या बाजारात, एकाच देशात आणि दुसऱ्या प्रकाराने करा.

टप्पा २: माल कोणाच्या नावावर उतरणार, ते ठरवा

घोडं पेंड खातं ते इथे. ‘थेट विकतो’ म्हणजे मध्ये कोणीच नको, असं डोक्यात बसलेलं असतं. पण प्रत्येक देशाला आपल्या हद्दीतला एक माणूस किंवा कंपनी हवी असते, जिच्याकडून कर वसूल करता येईल आणि वाइनमध्ये काही निघालं तर जिला जबाबदार धरता येईल. ते नाव ठरल्याशिवाय लेबल छापता येत नाही, किंमत काढता येत नाही, वाहतुकीचा करारही करता येत नाही.

पर्याय तीन. तिथे स्वतःची कंपनी काढणं. यात नोंदण्या आणि हिशेबनीस यांचा खर्च दरवर्षीचा, म्हणून थोड्या मालाला परवडत नाही. दुसरा, पेटीमागे ठरावीक आकार घेऊन फक्त आयात करून देणारा सेवा-आयातदार. विक्री तुमची, ग्राहक तुमचे. तिसरा, नेहमीचा आयातदार, ज्याच्याशी ‘ऑनलाइन ग्राहक आमचे, दुकानं आणि रेस्टॉरंटं तुमची’ अशी वाटणी करायची. लहान वाइनरीला बहुतेकदा दुसरा बरा पडतो.

करारात या गोष्टी स्पष्ट शब्दांत हव्यात: गोदामातला माल विकला जाईपर्यंत मालकी कोणाची, कोणत्या वाइन आणि कोणती वर्षं करारात आहेत, मुदत किती, करार संपल्यावर उरलेला माल किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने हलवायचा, लेबलाची मंजुरी कोणाच्या नावावर राहणार. शेवटचा मुद्दा अमेरिकेत कळीचा आहे. तिथे लेबलाची मंजुरी, म्हणजे ‘कोला’, टीटीबी हे मद्य-तंबाखूचं सरकारी खातं परवानाधारक आयातदाराच्या नावाने देतं. आयातदार बदलला की तो सोपस्कार नव्या नावाने आला. शिवाय तिथल्या काही राज्यांत वितरकाला एकदा माल दिला की कायद्याने त्याला सहज काढता येत नाही. म्हणून ‘चाचणीपुरतं’ म्हणून कोणालाही माल देऊ नका.

व्यापारचिन्हाचं कामही याच टप्प्यावर उरका. नीस वर्गीकरणात वाइन ३३ व्या वर्गात येते. चीनसारख्या देशांत जो आधी अर्ज करतो त्याचा हक्क धरला जातो, मग नाव तुम्ही वीस वर्षं वापरत असा वा नसा. आपल्या देशात पहिला अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत परदेशात अर्ज केला, तर पॅरिस करारानुसार पहिल्या अर्जाचीच तारीख ग्राह्य धरतात. आयातदार ‘आम्हीच करून देतो नोंदणी’ म्हणाला तर आभार माना आणि अर्ज स्वतःच्या नावाने करा.

> सावधान: भावात ‘डीडीपी’ लिहून देऊ नका. सगळे कर भरून माल दारात पोचवायची जबाबदारी त्या तीन अक्षरांनी तुमच्यावर येते, आणि अबकारी नोंदणी नसेल तर ती पार पाडताच येत नाही. ‘एक्स वर्क्स’ दुसऱ्या टोकाला जातं: त्यात निर्यातीचे कागदही परदेशी खरेदीदाराने करायचे असतात. बहुतेक वेळा ‘एफसीए’ बरं: निर्यातीचे कागद तुम्ही करायचे आणि ठरलेल्या जागी माल वाहतूकदाराच्या हवाली करायचा.

युरोपीय संघात आणखी एक खड्डा आहे. गोदाम जर्मनीत म्हणजे सगळा संघ खुला, असं वाटतं. जर्मनीत साध्या, न फसफसणाऱ्या वाइनवर अबकारी शून्य आहे; पण तीच बाटली आयर्लंडच्या ग्राहकाला विकली, की अबकारी आयर्लंडचा, बाटलीमागे तीन युरोंहून जास्त, आणि तो भरायची व्यवस्था तिथेच हवी. म्हणून वेबसाइटवर ज्या देशाची कर-व्यवस्था झाली आहे तेवढाच पत्ता स्वीकारला जाईल असं करून घ्या.

टप्पा ३: किंमत शेवटून मोजा

वाइनरीतला भाव धरून वर खर्च चढवत गेलात की आकडा हवा तेवढा फुगतो आणि बाजारात कोणी विचारत नाही. आधी ठरवा की ग्राहक किती देईल, आणि त्यातून वजा करत या. ब्रिटनचं उदाहरण घेऊ. कराचे आकडे खरे आहेत. बाकीचे समजण्यापुरते धरले आहेत.

वेबसाइटवर बाटली १८ पौंडांना. त्यात २० टक्के व्हॅट आहे, म्हणजे ३ पौंड गेले, उरले १५. ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट २०२३ पासून अबकारी अल्कोहोलच्या प्रमाणावर लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला दर शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे २९.५४ पौंड होता. १२.५ टक्क्यांच्या ७५० मिलीच्या बाटलीला त्याने २.७७ पौंड पडतात. उरले १२.२३. ग्राहकापर्यंतचं कुरिअर बाटलीमागे २ पौंड, गोदामभाडं आणि पेटी काढायची मजुरी १.२०, कार्डाचे आकार ०.४५, फूट आणि परतावे ०.६०, समुद्रमार्ग, विमा आणि क्लिअरिंग १.४०, सेवा-आयातदार ०.६०, जाहिरात आणि चाखायला दिलेल्या बाटल्या १.५०. हाती राहिले ४.४८ पौंड. त्यात काच, बूच, लेबल, द्राक्षं, पिंप आणि तुमचं वर्षभराचं काम बसवायचं. सीमाशुल्क तर यात धरलेलंच नाही. ते दोन देशांतल्या करारावर ठरतं.

तीच वाइन १४.५ टक्क्यांची असेल तर अबकारी ३.२१ पौंड होतो. ४४ पेन्स ऐकायला किरकोळ, पण ४.४८ मधून जायचे आहेत! म्हणजे द्राक्षं किती पिकू द्यायची हा प्रश्नसुद्धा इथे पैशांत येतो. दर दरवर्षी हलतात. हिशेबाच्या दिवशीचा दर घ्या.

> तपासा: हाच हिशेब विनिमय दर दहा टक्क्यांनी विरुद्ध गेला असं धरून पुन्हा करा. तरीही काही उरत असेल तर पुढच्या टप्प्यावर जा.

टप्पा ४: या वाइनला प्रवास झेपेल का?

तळघरात गोडीगुलाबीने वागणारी वाइन कंटेनरमध्ये रुसते. बाटली भरण्याआधी टाकीतल्या नमुन्याच्या चार तपासण्या करा.

पहिली थंडीची. वाइन पुरेशी थंड करून स्थिर केलेली नसेल तर वाटेत टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक तळाशी बसतात. ते निरुपद्रवी असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. ग्राहक मात्र बाटलीत काच आहे म्हणून फोटो पाठवतो. दुसरी उष्णतेची: पांढऱ्या वाइनमधलं प्रथिन गरम झाल्यावर गढूळ होतं. तिसरी उरलेल्या साखरेची. थोडी गोडसर वाइन नीट गाळलेली नसेल तर बाटलीत पुन्हा आंबायला लागते आणि बूच वर ढकलते.

चौथी सल्फर डायऑक्साइडची. युरोपीय संघात सर्वसाधारण मर्यादा लाल वाइनला लिटरमागे १५० मिलिग्रॅम, पांढरी आणि रोझेला २००. साखर लिटरमागे ५ ग्रॅम किंवा अधिक असेल तर दोन्हींत ५० ची सवलत. जपानमध्ये मर्यादा किलोमागे ०.३५ ग्रॅम आहे. घरच्या बाजारात चालतं म्हणून तिकडे चालेल असं धरू नका.

युरोपीय संघाबाहेरून संघात वाइन नेताना ‘व्हीआय-१’ हा दाखला आणि विश्लेषण अहवाल लागतो: एकूण आणि प्रत्यक्ष अल्कोहोल, एकूण शुष्क अर्क, एकूण आम्लता, बाष्पशील आम्लता, सायट्रिक आम्ल आणि एकूण सल्फर डायऑक्साइड. प्रयोगशाळा संघाच्या मान्य यादीतली हवी. जवळची, ओळखीची प्रयोगशाळा स्वस्तात करून देते म्हणून अहवाल घेतला आणि ती यादीत नसली, तर तो कागद तिथे चालत नाही. दहा लिटरपर्यंतच्या, लेबल लावलेल्या, सीलबंद बाटल्यांची एकूण खेप १०० लिटरच्या आत असेल तर हा दाखला लागत नाही; पहिल्या चाचणी खेपेला ही सूट उपयोगी पडते. ब्रिटनने व्हीआय-१ ची अट २०२२ मध्ये काढून टाकली.

टप्पा ५: लेबल

आयातदार ठरला, अहवाल हातात आला, आता लेबल. याच्या आधी छापखान्याची पायरी चढू नका.

एकदा आम्ही चढलो होतो. सहाशे बाटल्यांवर आयातदाराचं जुनं नाव गेलं. उपाय साधा वाटला: गोदामात वरून स्टिकर लावायचे. पण गोदाम थंड, दरवाजा उघडला की बाटल्यांना घाम फुटायचा, आणि ओल्या काचेवर स्टिकर बोटाखाली सरकायचा. बाटली पुसायची, वाळू द्यायची, मग लावायचं. दोन माणसांना तीन दिवस लागले. आणि शेवटच्या दिवशी लक्षात आलं, की तो स्टिकर सल्फाइटची सूचना झाकतोय. परत सगळ्या पेट्या उघडल्या.

तेव्हापासून आमची रीत अशी: पुढचं लेबल सगळीकडे एकच, त्यावर नाव, वर्ष, प्रदेश. कायद्याचा सगळा मजकूर मागच्या लेबलावर, आणि मागचं लेबल देशागणिक वेगळं. बाटल्यांचा काही भाग मागच्या लेबलाविना ठेवायचा आणि ऑर्डर पक्की झाली की लावायचं.

लोक जिथे चुकतात त्या जागा:

अल्कोहोलचा आकडा. युरोपीय संघात तो पूर्ण किंवा अर्ध्या टक्क्यातच लिहायचा. अहवालात १२.८ आलं तर लेबलावर १२.५ किंवा १३, १२.८ चालत नाही. प्रत्यक्ष आणि छापील आकड्यांत साधारणपणे ०.५ टक्क्याचा फरक चालतो. अमेरिकेत १४ टक्क्यांपर्यंतच्या वाइनला १.५ ची आणि त्यावरच्या वाइनला १ टक्क्याची मोकळीक आहे.

अक्षरांची उंची. ७५० मिलीच्या बाटलीवर युरोपीय संघात अल्कोहोलचा आकडा किमान ३ मिलिमीटर आणि ‘७५० मिली’चा आकडा किमान ४ मिलिमीटर हवा. संगणकाच्या पडद्यावर सगळंच मोठं दिसतं. छापून पट्टीने मोजा.

घटक आणि पोषणमूल्य. ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनला युरोपीय संघात हे देणं बंधनकारक आहे. ऊर्जेचा आकडा आणि ॲलर्जीकारक पदार्थ लेबलावरच हवेत; बाकी तपशील क्यूआर कोडने देता येतो. मात्र त्या कोडमागच्या पानावर विक्रीचा किंवा जाहिरातीचा मजकूर नको, आणि ते उघडणाऱ्याची माहितीही गोळा करता येत नाही. कोड सरळ आपल्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर नेणाऱ्या वाइनऱ्या अजून दिसतात. ती चूक आहे.

ॲलर्जीच्या सूचना. सल्फाइट लिटरमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर अमेरिकेत सूचना द्यावीच लागते. युरोपात १० च्या वर गेलं की. अंड्याच्या पांढऱ्याने किंवा दुधाच्या केसिनने वाइन निवळली असेल आणि अंश उरला असेल तर युरोपात तेही लिहावं लागतं. अमेरिकेत सरकारी आरोग्य इशारा ठरलेल्या शब्दांत छापायचा. त्यातला एक शब्दही आपल्या मनाने बदलायचा नाही.

नावं. शॅम्पेन, पोर्ट, शेरी ही नावं जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराने वाइनसाठी विशेष संरक्षित आहेत. ‘शॅम्पेन पद्धतीची’ असं मागच्या लेबलावर बारीक अक्षरात लिहिलं तरी अडचण येते. एकाच द्राक्षाचं नाव छापायचं तर युरोपीय संघात वाइनमध्ये ते किमान ८५ टक्के हवं. अमेरिकेत सर्वसाधारणपणे ७५.

बाटलीचं माप. युरोपीय संघात साधी वाइन १०० मिली ते दीड लिटर या पट्ट्यात ठरलेल्या मापांतच विकता येते. हौसेने ६०० मिलीची देखणी बाटली निवडली असेल, तर ती घरीच राहील.

> तपासा: लेबलाची पीडीएफ आयातदाराला पाठवा आणि ‘हे छापायला हरकत नाही’ असं लेखी उत्तर घ्या. फोनवरचं ‘ठीक दिसतंय’ पुरत नाही. अमेरिकेसाठी कोला हातात येईपर्यंत छपाई नाही.

टप्पा ६: कागद

हा भाग कंटाळवाणा, पण छोटा आहे. बीजक, पॅकिंग यादी, विश्लेषण अहवाल आणि लेबल या चारही ठिकाणी वाइनचं नाव, वर्ष, अल्कोहोल आणि बॅच क्रमांक अक्षरशः सारखे हवेत. एका कागदावर २०२२ आणि दुसऱ्यावर २०२३, एवढ्यावरून खेप थांबते.

एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार कस्टमला सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक: दोन लिटरपर्यंतच्या बाटलीतली साधी द्राक्षवाइन २२०४.२१, फसफसती २२०४.१०. सुगंधी वनस्पती घातलेली वाइन २२०५ मध्ये जाते. इतर फळांची वाइन किंवा मधापासून केलेलं मद्य २२०६ मध्ये येतं. त्याला २२०४ लावलं तर कर चुकीचा भरला जातो.

बीजकावर पेट्यांबरोबर लिटरही लिहा. ५० पेट्या × १२ बाटल्या × ०.७५ म्हणजे ४५० लिटर. १३ टक्क्यांनी शुद्ध अल्कोहोल ५८.५ लिटर. अबकारीवाले हाच आकडा शोधतात.

अमेरिकेला जाणाऱ्या मालासाठी वाइनरीची एफडीएकडे, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध खात्याकडे, नोंदणी लागते, तिथे राहणारा प्रतिनिधी नेमावा लागतो, आणि प्रत्येक खेपेची आगाऊ सूचना द्यावी लागते. ही नोंदणी दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नव्याने करायची असते. हमखास विसरतात ती हीच.

टप्पा ७: प्रवास

दोन-चार पॅलेट असतील तर माल इतरांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये जातो. फॉरवर्डरला, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्याला, तीनच प्रश्न विचारा: कंटेनर तापमान-नियंत्रित आहे का, वाटेत माल किती ठिकाणी उतरवला जाणार, आणि बंदरावर किती दिवस उन्हात उभा राहू शकतो. वाइनला जहाजापेक्षा धक्क्यावरचे दिवस जास्त बाधतात. बंद लोखंडी पेटी उन्हात भट्टीसारखी तापते. तापमान-नियंत्रित कंटेनर परवडत नसेल तर निदान उष्णतारोधक अस्तर घाला आणि दोन्ही टोकांचा उन्हाळा टाळा. हिवाळ्यातही धोका असतोच. १२-१३ टक्क्यांची वाइन उणे पाच-सहा अंशांच्या आसपास गोठायला लागते आणि फुगून बूच उचलते.

लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-१५ चा शिक्का हवा. साधारणपणे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याची ती खूण. ती नसलेल्या पॅलेटमुळे आतली निर्दोष वाइनही परत येऊ शकते.

प्रत्येक पॅलेटमध्ये एक तापमान-नोंदक टाका, मधल्या थरात. किंमत मामुली, आणि विम्याचा दावा करायची वेळ आली तर तोच तुमचा साक्षीदार. विमा घेताना ‘उष्णतेने झालेलं नुकसान’ हे शब्द पॉलिसीत आहेत का ते वाचा.

> तपासा, माल पोचल्यावर: प्रत्येक पॅलेटमधून तीन पेट्या उघडायला सांगा: वरची, मधली, खालची. बाटलीच्या तोंडावरून अंगठा फिरवायचा. आवरणाखाली उंचवटा लागला तर बूच वर आलंय. आवरण चिकटलेलं, हाताने फिरत नसेल, तर वाइन झिरपली असण्याची शक्यता आहे. अशा बाटल्यांचे फोटो नोंदकाच्या आलेखासह त्याच दिवशी विमा कंपनीला.

पोचलेली वाइन लगेच विकायला काढू नका. दोन-तीन आठवडे आडवी, शांत ठेवा. प्रवासाने ती काही काळ मिटल्यासारखी लागते, आणि पहिले ग्राहक तीच चव लक्षात ठेवतात.

टप्पा ८: वेबसाइट आणि ग्राहकाचं दार

वयाची अट वेबसाइटवरच्या एका चौकटीने भागत नाही. ब्रिटनमध्ये १८, जपानमध्ये २० आणि जर्मनीत वाइनसाठी १६. कुरिअरशी करार करतानाच दारात वय तपासायची सेवा घ्या.

दुरून विकलेला माल १४ दिवसांत कारण न देता परत करायचा हक्क युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ग्राहकाला आहे. परत आलेली पेटी पुन्हा विकायची की नाही, याचा नियम आधीच करा. मी विकत नाही. ती कोणत्या गाडीत किती तापली ते कळायला मार्ग नाही.

जर्मनीत पहिली पेटी विकण्यापूर्वी पॅकेजिंगची ल्यूसिड नोंदवहीत नोंद हवी. इटलीत विकायचं तर बाटली, बूच, पेटी कशाची आहे ते सांगणारे साहित्य-संकेत द्यावे लागतात. हिरव्या काचेला जीएल ७१.

पेटीची चाचणी स्वतः घ्या. भरलेली पेटी कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाका: एकदा तळावर, एकदा कडेवर, एकदा कोपऱ्यावर. फुटायचीच असेल तर तुमच्यासमोर फुटू द्या.

आणि पहिली ऑर्डर स्वतःच द्या, तिथल्या ओळखीच्या पत्त्यावर. पैसे कापले जाण्यापासून दारात सही होईपर्यंत प्रत्येक टप्प्याची वेळ लिहून ठेवा.

टप्पा ९: पुढचं वर्ष आलं की

पहिला माल संपत आला की नव्या वर्षाची वाइन त्याच लेबलात भरून पाठवायचा मोह होतो. काय तसंच चालतं आणि काय पुन्हा करावं लागतं, याची यादी भिंतीवर लावा.

अमेरिकेत फक्त वर्ष बदललं तर नवीन कोला लागत नाही. तो बदल मंजुरीशिवाय करता येण्याजोग्या बदलांत मोडतो. युरोपीय संघात विश्लेषण आणि व्हीआय-१ नव्या वाइनचे. अल्कोहोलचा आकडा हलला असेल तर लेबल, अबकारी आणि टप्पा ३ चा हिशेब तिन्ही नव्याने. ऊर्जेचा आकडा किंवा निवळण्याची पद्धत बदलली असेल तर क्यूआर कोड नवा हवा. जुन्याच कोडमागचं पान बदललं, तर गोदामात उरलेल्या गेल्या वर्षीच्या बाटल्यांवर खोटी माहिती जाते. बॅच क्रमांक अर्थातच वेगळा. आणि आयातदाराला विचारायचा प्रश्न पहिल्या वर्षीचाच, लेबल छापण्याच्या आधी: परवाना आणि पत्ता अजून तोच आहे ना?